कस्तुरी, जवादी, अंबर : अत्तराच्या तळाशी असलेले प्राणी

'व्हेलची उलटी' विकायला आलेल्यांना ठाणे आणि नवी मुंबई पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा पकडलं. बातमीत किंमत कोटींत असते. ही मेणचट, करडी ढेप म्हणजे अंबर; ती कुणाला आणि कशासाठी हवी, हे मात्र एका ओळीत उरकलं जातं. तिची मागणी सुगंधाच्या धंद्यातून आली.

लिंबू, गुलाब, मोगरा यांचे वास अंगावरून लवकर उडतात. त्यांना धरून ठेवायला सावकाश उडणारा जड पदार्थ लागतो, तो म्हणजे बेस. शतकानुशतकं हे काम प्राण्यांकडून मिळणाऱ्या पदार्थांनी केलं. 'आईन-इ-अकबरी'तल्या सुगंधांच्या प्रकरणात कस्तुरी, अंबर आणि जवादी (जवादी मांजराच्या ग्रंथीतला वासाचा लगदा) तिन्ही आहेत. तिरुमलाच्या बालाजीला आजही जवादी मांजराचं तेल लावतात.

अंबर तयार होतं स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माकुळांच्या टणक चोचींभोवती. ताजं असताना ते काळं आणि शेणासारख्या वासाचं असतं. वर्षानुवर्षं समुद्रात ऊन आणि खारं पाणी खाऊन त्याला गोडसर वास येतो. निदान त्यासाठी व्हेलला मारावं लागत नाही. कस्तुरीचं तसं नाही. ती फक्त नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीत असते, एका नराकडून जेमतेम 25 ग्रॅम. पण शिकाऱ्याच्या तारेच्या फासात माद्या आणि पाडसंही मरतात. जवादीची गोष्ट मला सर्वांत क्रूर वाटते. इथिओपियात जवादी मांजरं अरुंद पिंजऱ्यांत ठेवून शेपटीखालच्या ग्रंथीतला लगदा दर काही दिवसांनी खरवडून काढत, आणि गुरांच्या शिंगांत भरून बाहेर पाठवत. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या सोसायट्यांत अधूनमधून शिरणारं उदमांजर याच कुळातलं.

यातून सुटका झाली ती रसायनशास्त्रामुळे, आणि सुरुवात योगायोगाची. 1888 मध्ये आल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनज्ञ स्फोटकांवर काम करत असताना त्याला कस्तुरीसारखा वास देणारं संयुग मिळालं. त्यातून नायट्रो मस्कचं, म्हणजे कस्तुरीच्या वासाच्या कृत्रिम संयुगांचं, घराणं उभं राहिलं. स्वस्त असल्यामुळे ही संयुगं साबणापर्यंत पोचली. पुढे त्यांतल्या मस्क अँब्रेटचा त्वचेला आणि मज्जासंस्थेला अपाय होतो हे दिसल्यावर तो बाद झाला. खऱ्या कस्तुरीचं कोडं 1926 मध्ये रसायनज्ञ लिओपोल्ड रुझिचका यांनी सोडवलं: तिच्या वासाचा गाभा म्हणजे 15 कार्बनचं कडं. एवढं मोठं कडं टिकूच शकत नाही, असं तोवर मानलं जाई. जवादीतलं कडं तर 17 कार्बनचं निघालं. रुझिचका यांना 1939 चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. अंबराला पर्याय मिळाला क्लॅरी सेज या झुडपातल्या स्क्लॅरिऑलपासून. त्यातून होणारं अँब्रॉक्साइड आज जगभरच्या परफ्यूममध्ये आहे.

कायद्यानेही दार लावलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार कस्तुरीमृग आणि स्पर्म व्हेल दोघेही अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, येतात. त्यामुळे किनाऱ्यावर आपोआप वाहून आलेलं अंबर घरी ठेवणं हादेखील भारतात गुन्हा आहे, काही देशांत त्याची खरेदी-विक्री चालत असली तरी.

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात फायावर घेऊन हुंगायला मिळणारं 'व्हाइट मस्क' कारखान्यात बनलेलं असतं. 'अंबर' नावाचं अत्तर तर बहुतेकदा लॅब्डेनम ही झुडपाची राळ, लोबान आणि व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन यांचं मिश्रण असतं. व्हेलशी त्याचा काही संबंध नसतो.