उपग्रहीय ख्रिस्ती दूरचित्रवाणी

ख्रिस्ती उपासना, प्रवचने, बालकार्यक्रम इ. भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहामार्फत घरोघरी पोचविणारी सेवा. अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाला स्थानिक वाहिन्यांवर फारसा वाव नसलेल्या पश्चिम आशियात व उत्तर आफ्रिकेत तिला विशेष महत्त्व आले.

तिचा आरंभ कोठून धरावा, हे ‘घरोघरी’ या शब्दाच्या अर्थावर ठरते. अमेरिकेतील ‘ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’ने एप्रिल १९७७ मध्ये उपग्रहसेवा सुरू केली, म्हणून ते वर्ष सांगितले जाते. मात्र तो संकेत मुख्यतः केबलचालकांसाठी होता. प्रेक्षकापर्यंत तो तारेनेच जाई. उलटपक्षी, केवळ संकेत घेणाऱ्या भूकेंद्रांवरील (तबकडी-अँटेनांवरील) परवान्याची सक्ती १९७९ मध्ये उठल्यावर तेथील ग्रामीण घरमालकांनी कित्येक फूट व्यासाच्या तबकड्या अंगणात बसविल्या, म्हणून १९७७ हा आरंभ मानणारा पक्ष सर्वस्वी त्याज्य नाही. तरीही केयू पट्ट्यातील (अधिक वारंवारतेच्या सूक्ष्मलहरींवरील) लहान तबकडी (आपल्याकडची ‘छत्री’) गृहीत धरून आखलेल्या सेवा १९९० च्या दशकातील असून, आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पश्चिम आशियातील ‘सॅट-७’ या संस्थेची स्थापना सामान्यतः १९९५ ची मानतात. पहिले अरबी प्रसारण ३१ मे १९९६ रोजी झाले, तेही आठवड्यातून दोनच तास. फार्सी वाहिनी २००६ मध्ये व मुलांची अरबी वाहिनी २००७ मध्ये निघाली.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने त्याचा एकच संकेत विस्तृत प्रदेशावर पोचतो; त्या टप्प्यात प्रेक्षक कितीही वाढले, तरी प्रसारणाचा खर्च तोच राहतो. याउलट आंतरजालावर प्रत्येक प्रेक्षकागणिक वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने तासभर पाहिल्यास सु. ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो, आणि तो भार गरीब प्रेक्षकावर पडतो. मात्र हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी पाहणे आंतरजालावरच शक्य आहे.

गुप्ततेचा हिशेब उलटसुलट आहे. छपरावरची तबकडी दिसते, पण तिच्यावर काय पाहिले याची नोंद कोठे उरत नाही. मोबाइल खिशात लपतो, पण त्याच्या वापराचा माग सेवादात्याकडे राहतो. इराणमध्ये तबकड्यांवर १९९४-९५ च्या सुमारास कायद्याने बंदी आली. तरी त्या घरोघरी राहिल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील आंतरजाल जवळजवळ आठवडाभर बंद होते; उपग्रहग्रहणाला त्या जोडणीची गरज नव्हती.