‘अंतर्गत अशांतता’: आणीबाणीमागच्या एका शब्दप्रयोगाची पार्श्वभूमी

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली, तेव्हा देशात एक आणीबाणी आधीपासूनच लागू होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धामुळे जाहीर झालेली ती आणीबाणी युद्ध संपून साडेतीन वर्षे उलटली तरी उठवलेली नव्हती. एकाधिकारशाहीची पहिली खूण त्या रात्रीपेक्षा या रेंगाळण्यातच अधिक ठळक दिसते.

नव्या उद्घोषणेचा आधार होता ‘अंतर्गत अशांतता’. हा शब्दप्रयोग १९३५ च्या वसाहतकालीन कायद्यातून संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदात आला. जर्मनीत १९३३ च्या फेब्रुवारीत अशाच आणीबाणीच्या अधिकाराखाली एका वटहुकमाने नागरी स्वातंत्र्ये स्थगित झाली होती, आणि तो दाखला घटना समितीतही दिला गेला. तरीही व्याख्येविना तो शब्द तसाच राहिला. मग अशांतता कशाला म्हणायचे? संपांना, मोर्चांना, की पंतप्रधानांची निवडणूक रद्दबातल ठरवणाऱ्या १२ जूनच्या निकालानंतर उठलेल्या राजीनाम्याच्या मागणीला? पोलीस व लष्कराने बेकायदा आदेश मानू नयेत, या विरोधकांच्या आवाहनाकडे सरकारने बोट दाखवले, आणि तो मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मात्र मंत्रिमंडळाला निर्णय कळला तो सही झाल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी.

पुढचे सारे कायद्याच्याच चौकटीत घडले. ३८ व्या घटनादुरुस्तीने उद्घोषणेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली, ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे केली. स्थानबद्धांची, म्हणजे खटल्याविना तुरुंगात डांबलेल्यांची, संख्या लाखाच्या वर गेली. त्यांना दाद मागता येईल असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले असताना, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती दारेही लावून घेतली. तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवायला २०१७ उजाडले.

१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ घातले, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली. राज्यांच्या संरक्षणाविषयीच्या ३५५ व्या अनुच्छेदात मात्र तो जुना शब्द अजून आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची, सल्लागार मंडळाने (स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळाने) मत देण्याआधी चालणारी मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे याच दुरुस्तीतले कलम संसदेने संमत केले खरे, पण ते अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही.