गल्ल्यावर कोण बसलंय?

५ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲपलने जाहीर केलं, की कंपनीच्या सगळ्या दुकानांच्या प्रमुख अँजेला आरेंड्स एप्रिलमध्ये कंपनी सोडत आहेत. एरवी अशी बातमी शेअर बाळगणाऱ्यांनी वाचायची आणि बाकीच्यांनी पान उलटायचं. या वेळी मात्र गिऱ्हाइकं बोलली, आणि भरभरून बोलली. कुणी म्हणालं, बरं झालं, दुकानाचं पार कपड्यांचं शोरूम करून टाकलं होतं. कुणी म्हणालं, बॅटरी बदलायची तर वेळ ठरवून मिळता मिळत नव्हती, आणि दुकानात शिरल्यावर पैसे नेमके कुणाकडे द्यायचे तेही कळत नव्हतं. त्यांच्या बाजूने बोलणारेही होते. दुकानं मोकळी आणि उजेडाची झाली, आत झाडं आली, फुकट शिकवण्या सुरू झाल्या, असं ते सांगत होते. राजीनामा एका अधिकाऱ्याचा, पण बहुतेक बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: दुकानात गेल्यावर मला कुणी आणि किती वेळ दिला.

त्याच आठवड्यात मी पुण्यात एका सर्व्हिस सेंटरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो. माझा लॅपटॉप वेगळ्याच कंपनीचा. बॅटरी आतून फुगली होती आणि ट्रॅकपॅड एका बाजूने इतका वर आला होता, की त्यावर पेन ठेवलं तर घरंगळत खाली यायचं. माझं टोकन ४१, चालू होतं १७. काउंटरवर एकच मुलगा. तोच पावत्या फाडत होता, तोच फोन उचलत होता, तोच आत जाऊन मशिन आणत होता. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, ‘काका, पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरून चाला.’ त्याच्यावर मला राग आला नाही, तो बिचारा एकटा होता. राग आला तो त्याला एकट्याला तिथे बसवणाऱ्याचा, आणि त्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं. ॲपलच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. सगळा फरक तिथे होता.

आपल्याकडे दुकानाचा मालक डोळ्यांसमोर असतो. लक्ष्मी रोडवर साडी घ्या नाहीतर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन वायर आणि स्विच घ्या, गल्ल्यावर कोण बसलंय ते दिसतं. माल खराब निघाला तर पिशवी घेऊन त्याच माणसासमोर उभं राहता येतं. गल्ल्यावर बापाच्या जागी मुलगा बसू लागला, की दुकान कसं चालणार याचा अंदाज गिऱ्हाईक पंधरा दिवसांत बांधतं. शेकडो दुकानं असलेल्या कंपनीत असा गल्ला दिसत नाही. म्हणून ज्या एका अधिकाऱ्याचं नाव लोकांना कळतं, तो त्यांच्या लेखी गल्ल्यावरचा माणूस होतो. तो आला, गेला, की हिशोब मांडला जातो. ही सवय ॲपलच्या गिऱ्हाइकांना लागली कशी, हे पाहायचं तर २००० सालाच्या आसपास जावं लागतं.

तेव्हा ॲपलचे संगणक दुसऱ्यांच्या मोठ्या दुकानांत कोपऱ्यात पडलेले असत. विकणाऱ्याला त्यांची माहिती नसे, आणि कमिशन दुसऱ्या मालावर जास्त मिळत असेल तर तो गिऱ्हाइकाला तिकडेच वळवी. म्हणून स्वतःची दुकानं काढायला स्टीव्ह जॉब्सनी टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून रॉन जॉन्सन यांना आणलं. गॅप या कपड्यांच्या कंपनीचे मिकी ड्रेक्सलर तेव्हा ॲपलच्या संचालक मंडळावर होते. आधी एका गोदामात पूर्ण दुकान उभारून बघावं, हा सल्ला त्यांचा. ते नमुन्याचं दुकान जवळजवळ तयार झालं, तेव्हा जॉन्सन म्हणाले की मांडणीच चुकली आहे: वस्तूंप्रमाणे टेबलं लावण्याऐवजी लोकांना काय करायचंय, गाणी, फोटो, व्हिडिओ, त्याप्रमाणे लावायला हवीत. जॉब्स आधी चिडले, मग पटलं, आणि सगळं नव्याने मांडलं गेलं.

१९ मे २००१ रोजी व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नर आणि कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथे पहिली दोन दुकानं उघडली. दोन दिवसांत ७,७०० हून अधिक माणसं येऊन गेली आणि ५ लाख ९९ हजार डॉलरची विक्री झाली. हे चालणार नाही, असं भाकीत करणारे कमी नव्हते. गेटवे या संगणक कंपनीची स्वतःची दुकानं तेव्हाही धडपडत होती आणि २००४ मध्ये उरलेली सगळी, १८८ दुकानं, बंद झाली.

ॲपलचं दुकान टिकलं, त्याला माझ्या मते सर्वात मोठं कारण आतल्या बाजूचा एक काउंटर, जीनियस बार. जॉन्सननी आपल्या माणसांना विचारलं होतं, की तुम्हाला आजवर सगळ्यात चांगली वागणूक कुठे मिळाली? बहुतेकांचं उत्तर दुकान नव्हतं, हॉटेल होतं. मग दुकानांचे व्यवस्थापक रिट्झ-कार्लटन या हॉटेल कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवले गेले आणि हॉटेलातल्या स्वागतकक्षासारखा, पण सल्ला देणारा काउंटर दुकानात आला. सुरुवातीला तिथे एक लाल फोन असे. काउंटरवरच्या माणसाला उत्तर सापडलं नाही तर तो फोन उचलून थेट मुख्यालयात विचारायचं. दुकानातल्या कुणालाही विक्रीवर कमिशन नव्हतं. या एका नियमाने गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यातलं नातं बदललं. समोरचा माणूस काहीतरी गळ्यात मारणार नाही, अशी खात्री असली की गिऱ्हाईक प्रश्न विचारायला धजावतं. दहा वर्षांत लोकांना त्याची सवय झाली.

जॉन्सन जाणार हे जून २०११ मध्ये जाहीर झालं आणि नोव्हेंबरमध्ये ते गेले. मधल्या काळात, ५ ऑक्टोबरला, जॉब्स यांचं निधन झालं होतं. जॉन्सन यांची जागा भरली जॉन ब्राउएट यांनी. ते ब्रिटनमधल्या डिक्सन्स या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीचे प्रमुख, पीसी वर्ल्ड आणि करीज ही दुकानं त्यांच्याच कंपनीची. ब्रिटिश गिऱ्हाइकांच्या मनात या दुकानांविषयी बरंच साठलेलं होतं, मुख्यतः जादा वॉरंटी घ्याच म्हणून मागे लागण्याबद्दल. ब्राउएट रुजूही झाले नव्हते तेव्हा लोकांनी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना ई-मेल लिहिले आणि कुकनी काहींना उत्तरंही दिली, की मी अनेकांशी बोललो, त्यांत हेच सर्वात उजवे होते. या प्रकरणातलं मला सर्वात बोलकं वाटणारं दृश्य हे आहे. माणूस यायच्या आधीच गिऱ्हाईक कळवळून लिहितंय, की आमचं दुकान बिघडवू नका. ‘आमचं’ हा शब्द पैसे देऊन मिळत नाही.

भीती खोटी ठरली नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात दुकानांतल्या माणसांचं गणित बदललं, पाळ्या कमी झाल्या, नव्याने घेतलेल्या काहींना काढलं. ऑगस्टमध्ये कंपनीने ही चूक होती असं उघड मान्य करून बदल मागे घेतले. २९ ऑक्टोबरला ब्राउएट जाणार हे जाहीर झालं, म्हणजे रुजू झाल्यापासून जेमतेम सहा महिन्यांत. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की कंपनी फार चांगली होती, मीच तिच्या रीतीत बसलो नाही. गिऱ्हाइकांना त्यांच्या जाण्याचा आनंद झाला, पण त्यात त्या माणसाचा द्वेष मला दिसत नाही. काउंटरमागचं एक माणूस कमी झालं, तर रांगेत उभ्या असलेल्याला ते ताळेबंद न वाचता कळतं.

जॉन्सन यांचं पुढे काय झालं, हेही इथे सांगायला हवं. ते जेसी पेनी या जुन्या दुकानसाखळीचे प्रमुख झाले आणि २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी कूपनं आणि सारखे लागणारे सेल बंद करून सरळ कमी दर लावले. विचार प्रामाणिक होता. पण पेनीच्या गिऱ्हाइकाला कूपन कापून चार पैसे वाचवण्यातच समाधान होतं. त्या वर्षात विक्री जवळजवळ पाव हिश्शाने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. माणूस तोच, हातोटी तीच, गिऱ्हाईक वेगळं.

ब्राउएटनंतर ॲपलच्या दुकानांना सुमारे दीड वर्ष प्रमुखच नव्हता. आरेंड्स यांचं नाव ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झालं आणि बर्बेरी ही उंची कपड्यांची ब्रिटिश कंपनी सोडून त्या मे २०१४ मध्ये रुजू झाल्या. २०१५ मध्ये घड्याळ आलं, तेव्हा ते सुरुवातीला दुकानात गल्ल्यावर मिळत नव्हतं, आधी ऑनलाइन मागणी नोंदवायची. पहाटेपासून रांग लावण्यात सण मानणाऱ्यांना हे लागलं. पुढे मोठ्या दुकानांत जीनियस बारच्या जागी झाडांखालची बसायची जागा आली, दुकानाला गावातला चौक म्हणायची भाषा आली, आणि २०१७ पासून जगभर फोटो, चित्रकला, संगीत यांच्या मोफत शिकवण्या. या शिकवण्या मला मनापासून आवडलेली गोष्ट आहे. पण २०१७ च्या डिसेंबरात जुन्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केल्याबद्दल कंपनीला माफी मागावी लागली आणि २०१८ भर ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून द्यायची ठरली. दुरुस्तीच्या काउंटरवर झुंबड उडाली. वेळ मिळेना. त्या वर्षी चौकापेक्षा लोकांना काउंटर हवा होता. आरेंड्स गेल्या तेव्हा जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं या रांगेतून आलेलं होतं, आणि ते सगळं त्यांच्या एकट्यांच्या खात्यावर मांडणं मला रास्त वाटत नाही. त्यांच्या जागी डीड्रा ओ’ब्रायन आल्या, १९८८ पासून कंपनीत असलेल्या, मनुष्यबळ विभागाचं काम आधीच सांभाळणाऱ्या.

पुण्यात आपण हे सारं लांबून वाचत होतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन अधिकृतपणे भारतात आला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना, तोही मोबाइल कंपन्यांच्या दुकानांतून. नंतरची वर्षं अधिकृत विक्रेत्यांची. कुणी अमेरिकेहून येणार असेल तर त्याच्या बॅगेत आपला फोन यायचा आणि बिघडला तर इथे कुणी हात लावेल का, ही धाकधूक सोबत यायची. स्वतःचं दुकान काढायला कंपनीला अडचण कायद्याची होती. एकाच ब्रँडच्या दुकानात १०० टक्के परकी गुंतवणुकीला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, पण ३० टक्के माल भारतातून घ्यायची अट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सैल झाली: निर्यातीसाठी इथून घेतलेला माल मोजला जाऊ लागला आणि दुकान उघडण्याआधी ऑनलाइन विकायची मुभा मिळाली. २३ सप्टेंबर २०२० ला ऑनलाइन दुकान आलं, १८ एप्रिल २०२३ ला मुंबईत बीकेसीचं, दोन दिवसांनी दिल्लीत साकेतचं. पुण्याचं, कोरेगाव पार्कमधल्या कोपा मॉलमधलं, ४ सप्टेंबर २०२५ रोजी उघडलं. उघडण्याआधी बाहेरच्या पडद्यावर मोराची रंगीत पिसं होती.

मी गेलो ते गर्दी ओसरल्यावर, एका बुधवारी दुपारी. घ्यायचं काही नव्हतं. मला काउंटर बघायचा होता. लाकडी टेबलाशी सत्तरीतले एक गृहस्थ बसले होते, पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी घडी केलेला कागद काढला. त्यावर निळ्या शाईने आकडे घालून प्रश्न लिहिलेले. पहिला प्रश्न जुन्या फोनमधले नातीचे फोटो नव्यात कसे आणायचे, हा होता. समोरचा मुलगा तिशीच्या आतला. तो मराठीत म्हणाला, ‘काका, तुम्ही करा, मी सांगतो.’ काकांचं बोट पडद्यावर दोनदा चुकीच्या जागी पडलं. मुलाने फोन हातातून घेतला नाही. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा काकांनी पेन काढून पहिल्या प्रश्नावर रेघ मारली. मी घड्याळ पाहिलं: एका प्रश्नाला अकरा मिनिटं लागली होती.

उद्या वरच्या खुर्चीत कुणी नवीन आलं आणि त्याने ही अकरा मिनिटं खर्चात धरली, तर पुण्याला ते बातमीतून कळायची गरज पडणार नाही. याच टेबलाशी कळेल. काकांच्या कागदावर अजून पाच प्रश्न होते. मुलाने शेजारचं स्टूल ओढलं आणि बसला.