पी-प्लेटवर असताना लायसन्स सस्पेंड झालं तर (न्यू साउथ वेल्समधल्या नव्या चालकांसाठी)

आमच्या वकिली कार्यालयात पी-प्लेटवाली (पूर्ण लायसन्सआधीच्या प्रोव्हिजनल लायसन्सवर गाडी चालवणारी) मुलं, त्यांचे आईवडील किंवा नुकतेच भारतातून आलेले नोकरदार येतात, तेव्हा हातात सस्पेन्शनचं पत्र असतं. त्याआधी आलेलं दंडाचं पत्र कधीच निकालात निघालेलं असतं. पावती फाडून मोकळं व्हायची आपली सवय इथे महागात पडते. दंड भरला की गुन्हा मान्य केला असं धरतात, डिमेरिट पॉइंट (नियमभंगाचे गुण) नोंदले जातात आणि मागाहून ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यूचं, म्हणजे राज्याच्या वाहतूक विभागाचं, पत्र येतं. म्हणून दंडाचं पत्र आलं की पैसे भरण्याआधी पॉइंट मोजा. जमलं तर त्याच टप्प्यावर आमच्याकडे या. त्या वेळी हातात जास्त पर्याय असतात.

पॉइंट कसे संपतात

पूर्ण लायसन्सवाल्याची मर्यादा १३ पॉइंटची असते, तितके जमले की लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. ग्रीन पी, म्हणजे प्रोव्हिजनलच्या दुसऱ्या टप्प्यावर (पी२) ती ७ आहे आणि रेड पी, म्हणजे पहिल्या टप्प्यावर (पी१) फक्त ४. त्यातच शिकाऊ आणि पी-प्लेटवाल्या चालकांना वेगमर्यादा थोडीशी ओलांडली, अगदी दहा किलोमीटरच्या आत, तरी ४ पॉइंट लागतात. म्हणजे रेड पीवर ५० च्या रस्त्यावर ५८ चा एक फोटो निघाला की किमान तीन महिने गाडी बंद.

गाडी चालवताना मोबाइल वापरल्याचे ५ पॉइंट आहेत. लाँग वीकेंडला दुप्पट पॉइंट लागू असतील तर १०. पी-प्लेटवर फोन हातात नसला तरी चालत नाही. स्टँडवर लावून मॅप पाहणं, आईचा फोन स्पीकरवर घेणं, दोन्हीला मनाई आहे. हे बऱ्याच जणांना दंड आल्यावरच कळतं आणि त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. दारूची मर्यादा शून्य आहे. रात्रीच्या पार्टीनंतर सकाळी गाडी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण यात पोलिस जागेवरच लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड करू शकतात.

ग्रीन पीवर सस्पेन्शन झालं तर आणखी एक फटका बसतो. अशा प्रत्येक सस्पेन्शनमागे पी२ चा काळ सहा महिन्यांनी वाढतो.

गाडी बाबांच्या नावावर असेल तर

कॅमेऱ्याचा दंड गाडीमालकाच्या नावे येतो आणि गाडी कोण चालवत होतं ते त्याने कळवायचं असतं. अशा वेळी ‘माझे तेरा आहेत, माझ्या नावावर जाऊ दे’ असं वडील सहज म्हणून जातात. कृपा करून असं करू नका. खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे. मुलाचे तीन महिने वाचवायला गेलेल्या वडिलांवरच खटला उभा राहू शकतो.

हातात काय पर्याय आहेत

दंड भरण्याआधी तो मान्य नसल्याचं कळवून प्रकरण कोर्टात नेता येतं. गुन्हा सिद्ध झाला तरी दोषी न ठरवता सोडून देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आहे, आणि तसं झालं तर पॉइंट लागत नाहीत. पण याला जोखीम आहे. दंड मूळ रकमेपेक्षा जास्त होऊ शकतो आणि कोर्टाचा खर्च वेगळा.

सस्पेन्शनचं पत्र आल्यावर दोनच वाटा उरतात: मुदत भोगणं किंवा लोकल कोर्टात अपील. बारा महिने नीट गाडी चालवण्याच्या हमीवर सस्पेन्शन टाळण्याची सवलत पूर्ण लायसन्सवाल्यांना आहे, पी-प्लेटवाल्यांना नाही. उलट पॉइंटच्या सस्पेन्शनवर अपील पी-प्लेटवाल्यांना करता येतं, पूर्ण लायसन्सवाल्यांना नाही. क्वीन्सलँडमधल्या मित्राला फक्त कामापुरती गाडी चालवायची परवानगी मिळाली असेल. तसं लायसन्स न्यू साउथ वेल्समध्ये नाही.

अपिलाची मुदत २८ दिवसांची आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. वेळेत अपील दाखल झालं की सहसा निकालापर्यंत सस्पेन्शन थांबतं. पोलिसांनी जागेवर केलेल्या सस्पेन्शनला ही सोय नाही. कोर्ट सस्पेन्शन रद्द करू शकतं, कमी करू शकतं किंवा तसंच ठेवू शकतं.

अपिलात मॅजिस्ट्रेट तुमचं आधीचं रेकॉर्ड, चुकीची जाणीव आणि गाडीची खरी गरज पाहतात. ‘नोकरी जाईल’ असं नुसतं सांगून भागत नाही. वृद्धाश्रमात पहाटे सहाची शिफ्ट आहे, त्या वेळी बस नाही, हे रोस्टर आणि बसचं वेळापत्रक समोर ठेवून दाखवावं लागतं. अवजारं घेऊन रोज नव्या साइटवर जाणाऱ्या अप्रेंटिसचं म्हणणं कोर्टाला समजतं. सुनावणीआधी ट्रॅफिक ऑफेंडर इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम (वाहतूक नियम मोडणाऱ्यांसाठीचा कोर्स) पूर्ण केला तर त्याचाही उपयोग होतो. पण घर पॅरामॅटा स्टेशनजवळ आणि ऑफिस शहरात असेल, तर तीन महिने ट्रेनने काढा, वकिलावर पैसे घालवू नका, असंच आम्ही सांगू.

सस्पेंड असताना गाडी काढू नका

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नको. पहिल्याच वेळी ३,३०० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वर लायसन्ससाठी अपात्र ठरवलं जातं. अपात्रतेनंतर लायसन्स आपोआप परत मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

काही जणांना लायसन्स सस्पेंड झाल्याचा पत्ताच नसतो, कारण पत्र जुन्या भाड्याच्या घरी गेलेलं असतं. घर बदललं की १४ दिवसांत सर्व्हिस एनएसडब्ल्यूकडे (राज्य सरकारच्या सेवा केंद्राकडे) पत्ता बदलून घ्या, विशेषतः विद्यार्थ्यांनी.

येताना काय आणावं

आलेली सगळी पत्रं पाकिटांसकट, सर्व्हिस एनएसडब्ल्यूकडून काढलेलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, कामाचं रोस्टर आणि लायसन्स. मुलगा किंवा मुलगी अठराच्या वर असेल तर पालकांनी जरूर सोबत यावं, मात्र आमच्याशी बोलणं आणि कागदांवर सही मुलाने किंवा मुलीने स्वतः करायची आहे. अपील करण्यासारखं आहे की नाही ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो आणि फी किती ते काम हाती घेण्याआधी लेखी देतो.