‘पिशवी काढली’ या दोन शब्दांमागचा इतिहास

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींत एक. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, एक खाडा झाला की कापले जाणारे पैसे, पाळीतही हातातून न सुटणारा कोयता, ही कारणं तेव्हा पुष्कळ लिहिली गेली आणि ती खरीच आहेत. पण मराठवाड्यातली बाई ‘माझं ऑपरेशन झालंय’ म्हणते तेव्हा ते पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, नसतं, नसबंदीचं असतं. या पहिल्या ऑपरेशनचा इतिहास पाहिल्याशिवाय दुसरं समजत नाही.

भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा हा जगातला पहिला देश. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. सुरुवातीचा जोर दवाखान्यावर आणि सल्ल्यावर होता. साठच्या दशकात कुटुंब नियोजनाचं चिन्ह म्हणून लाल त्रिकोण आला, निरोध आला आणि त्यांच्याबरोबर ‘टार्गेट’ आलं, म्हणजे किती जणांना नियोजनाखाली आणायचं याचा ठरवून दिलेला आकडा. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे.

आणीबाणीत हे टार्गेट माणसांच्या मागे लागलं. मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये लोकांना रस्त्यावरून धरून नेऊन नसबंदी केल्याच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ मध्ये देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या.

लोकांनी १९७७ मध्ये मतपेटीतून उत्तर दिलं. खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं, पण टार्गेट राहिलं. ते फक्त पुरुषाकडून बाईकडे सरकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बिनटाक्याचं पुरुषांचं ऑपरेशन सोपं आहे, कमी धोक्याचं आहे, तरी आकडा हा असा. आणीबाणीची भीती पुरुषांनी पोटाशी धरली आणि किंमत बायका मोजत आल्या.

कैरोच्या १९९४ च्या जागतिक लोकसंख्या परिषदेनंतर, १९९६ मध्ये, केंद्राने टार्गेट कागदावरून काढलं. महाराष्ट्र मात्र दुसऱ्या वाटेने दोन मुलांच्या अटीकडे आला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही अशीच अट आहे. मुलगा तर हवाच, तोही दोनांत. त्याच काळात, २०११ च्या जनगणनेत, बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. हे सगळं त्या अटीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण मुलगा हवा असलेल्या घरावर तिचं ओझं पडलंच.

बीडमध्ये विशी-पंचविशीतल्या ४० टक्क्यांहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. अशी मुलगी विशीतच दोन-तीन बाळंतपणं उरकून ऑपरेशन करून घेते. सरकारी वहीतलं तिचं पान तिथे मिटतं. पुढची पांढरं जाण्याची तक्रार, ओटीपोटातलं दुखणं, अंगावर जाणं यांना त्या वहीत रकाना नव्हता. मग खासगी दवाखाना, कॅन्सरची भीती, आणि ‘मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम?’

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना याबाबतच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. पण दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आशाताईचं रजिस्टर गावात राहतं आणि ज्या बाईचं नाव त्यात आहे, ती पुढचे पाच-सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत असते.