आटलेल्या सरोवरावर वसलेले काठमांडू

काठमांडूमध्ये कालीमाटी नावाची एक वस्ती आहे. आज ती भाजी-फळांच्या घाऊक बाजारासाठी ओळखली जात असली, तरी तिच्या नावातच शहराचा जन्म दडलेला आहे. या खोऱ्यात जमीन खणली की काळी, चिकट माती लागते. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. ही मात्र एका प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेला गाळ आहे, आणि त्यात सापडणारी डायाटम या सूक्ष्म शैवालाची कवचे त्याचा पुरावा देतात. खोऱ्याच्या मध्यभागी या गाळाची जाडी 500 मीटरहून अधिक आहे.

मंजुश्री या बोधिसत्त्वाने तलवारीने डोंगर कापला आणि सरोवराचे पाणी वाहून गेले, अशी कथा तेथे सांगितली जाते. त्या घावाची जागा म्हणून जी चोभारची घळ दाखवतात, तिच्यातूनच आजही बागमती नदी खोऱ्याबाहेर पडते. सरोवर प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने आटले, पण खोरे कधीकाळी पाण्याखाली होते, याबाबत कथा आणि भूशास्त्र यांचे एकमत आहे.

खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे नेवार समाजाची संस्कृती या गाळावरच उभी राहिली. त्यांनी सखल, सुपीक जमीन भातासाठी राखली, उंचवट्यांवर दाट वस्त्या वसवल्या आणि इथल्याच मातीच्या विटा भाजून घरे व देवळे बांधली. शेतकरी तर ही काळी माती खणून काढून खत म्हणून शेतात घालत असत.

हाच गाळ भूकंपात मात्र घात करतो. मऊ गाळाने भरलेल्या खोऱ्यात शिरलेल्या लहरी कडेच्या कठीण खडकावर आदळून परततात, आणि परातीतले पाणी हिंदकळावे तशी सारी जमीन झुलत राहते. 25 एप्रिल 2015 रोजी गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेल्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात काठमांडूची जमीन अशीच झुलली. एका हेलकाव्याला सुमारे 4 ते 5 सेकंद लागत होते. दोन-तीन मजली घराचा स्वतःचा हेलकावा सेकंदाच्या काही अंशांचा असतो. दोन्हींची लय जुळली नाही, त्यामुळे अशा घरांची हानी शहरात भीती होती त्यापेक्षा कमी झाली, पण उंच धरहरा मनोरा कोसळला. शहराला ज्याच्यावरून नाव मिळाले, ते काष्ठमंडप हे प्राचीन लाकडी मंडपवजा देऊळही जमीनदोस्त झाले. नंतरच्या उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकाइतका जुना असल्याचे आढळले, हे मला त्या दुःखद घटनेतले मोठे ज्ञान वाटते. नेपाळमध्ये या भूकंपाने सुमारे 9,000 माणसे गेली.

खोऱ्याचा आकार हवेलाही कोंडून धरतो. शहर सुमारे 1,400 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळा सौम्य असतो. हिवाळ्यात पहाटे गारठा पडतो, तरी बर्फ क्वचितच. 14 फेब्रुवारी 2007 रोजी पडलेला बर्फ 63 वर्षांनंतरचा पहिला होता. हिवाळ्याच्या रात्री डोंगरउतारांवरची थंड, जड हवा खाली उतरून खोऱ्यात साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि वाहनांचा व वीटभट्ट्यांचा धूर त्याखाली अडकतो. दुपारी वारा सुटेपर्यंत शहर तोच धूर श्वासात घेत असते.

पाण्याची स्थिती मला सर्वांत चिंतेची वाटते. वर्षाच्या पावसापैकी सुमारे 80 टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, म्हणून तो जमिनीत मुरवणे आवश्यक असते. पण मध्यभागातला चिकणमातीचा थर पाणी खोलवर जाऊ देत नाही. खोल भूजलाचे पुनर्भरण मुख्यतः उत्तरेकडे, शिवपुरी डोंगराच्या पायथ्याच्या वाळूमिश्रित थरांतून होते, आणि आता तिथेही बांधकामे वाढली आहेत. जमिनीपासून जवळच्या, वाळूच्या थरांमधले पाणी पूर्वी ‘हिती’ म्हणजे दगडी मकरमुखी धारांमधून वाहत असे. काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहराच्या दरबार चौकातील मंगहिती सहाव्या शतकातली आहे. खोलगट चौकात पायऱ्या उतरून जावे, तर पाण्याची धार अखंड पडत असते आणि शेजारी घागरी रांगेत लावलेल्या दिसतात. अनेक हिती मात्र आज कोरड्या पडल्या आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर, ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, नेवार लोक ‘सिथी नखः’ हा सण साजरा करतात. त्या दिवशी विहिरी, झरे आणि हिती उपसून साफ केल्या जातात. या दिवसांत पाण्याची पातळी सर्वांत खाली असते, म्हणून विहिरीच्या तळापर्यंत हात पोचतो आणि वर्षभराचा गाळ काढता येतो. त्यानंतर काही आठवड्यांतच पहिल्या सरींचे पाणी त्या स्वच्छ झऱ्यांत उतरू लागते.