मिर्झा, सानिया : टेनिस कारकीर्द

(१५ नोव्हेंबर १९८६ – ). निवृत्त भारतीय व्यावसायिक टेनिसपटू. महिला दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय. जन्म मुंबईचा, वाढल्या, शिकल्या आणि खेळल्या हैदराबादेत. ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, सहा विजेतेपदे (महिला दुहेरी तीन, मिश्र दुहेरी तीन), दुहेरीत डब्ल्यूटीएची (महिला टेनिस संघटनेची) ४३ विजेतेपदे आणि अव्वल स्थानी एकूण ९१ आठवडे, अशी ही कारकीर्द फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत संपली.

मराठवाड्याला हैदराबाद परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नांदेड रेल्वे विभागाचा कारभार सिकंदराबादेहून चालत आला. देगलूर, बिलोली, उदगीरच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडते. दवाखाना, बाजार, नातीगोती तिकडे असतात. त्यामुळे सानिया जिंकू लागल्या तेव्हा इकडे त्यांच्याकडे ‘आपल्या बाजूची पोरगी’ म्हणूनच पाहिले गेले. टेनिसची ओळख मात्र इथे फारशी नव्हती. आमच्या खेड्यांत आजही ‘टेनिस’ म्हटले की टेनिस बॉलचे क्रिकेट समजतात. रॅकेटचे टेनिस जिल्ह्याच्या ठिकाणच्या क्लबात, साहेब लोकांपुरते.

हैदराबादेतही सुरुवात काही थाटाची नव्हती. सहाव्या वर्षी हातात रॅकेट आली तेव्हा शहरात धड हार्ड कोर्टे (टणक, पक्क्या पृष्ठभागाची) नव्हती. शेणाने सारवलेल्या कोर्टांवर आपण खेळलो, असे सानिया यांनी सांगितले आहे. ज्या घरांत सणावाराला अंगण सारवले जाते, तिथल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सारवण ताजे असेपर्यंत जमीन एकसारखी राहते, मग पापुद्रे सुटतात आणि चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा राहत नाही. वडील इम्रान मिर्झा यांनीच प्रशिक्षण दिले. आईवडिलांपैकी कोणीतरी सतत बरोबर प्रवासात असे.

२००३ मध्ये त्यांनी अलिसा क्लेबानोवा हिच्यासह विम्बल्डनच्या मुलींच्या गटात दुहेरीचे विजेतेपद मिळवले. भारतीय महिला टेनिसमध्ये तोवर मोठी खूण होती ती निरुपमा वैद्यनाथन यांची. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या खुल्या युगातल्या (१९६८ पासूनच्या) पहिल्या भारतीय महिला. २००५ साल सानियांनी अक्षरशः गाजवले. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सकडून १–६, ४–६ अशी हार झाली, पण तिथवर एकेरीत कोणीही भारतीय महिला पोहोचली नव्हती. फेब्रुवारीत घरच्या हैदराबाद ओपनच्या अंतिम सामन्यात अल्योना बोंदारेन्कोला ६–४, ५–७, ६–३ असे हरवून डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरल्या. महिनाभरातच दुबईत अमेरिकन ओपन विजेत्या स्वेतलाना कुझ्नेत्सोवाला नमवले. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत मारिया शारापोव्हाने त्यांना थांबवले. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीच्या क्रमवारीत त्या २७ व्या होत्या. या स्थानापर्यंत दुसरी भारतीय महिला अद्याप गेलेली नाही.

पुढे मनगटाने दगा दिला. त्यांचा फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) म्हणजे मनगटाचा झटका. चेंडूला वेग द्यायचा तो तिथून, आणि तेच मनगट निकामी होऊ लागले. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमधला एकेरीचा पहिलाच सामना अर्ध्यावर सोडावा लागला. शस्त्रक्रिया झाल्या. २०१३ मध्ये त्यांनी एकेरी थांबवली आणि सारे लक्ष दुहेरीवर केंद्रित केले.

या निर्णयाकडे अनेकांनी ‘एकेरी जमेना म्हणून दुहेरी’ अशा नजरेने पाहिले. हे मोजमाप चुकीचे आहे. दुहेरीत कोर्ट रुंद होते, पण वेळ निम्मा होतो. जाळ्यापाशी उभी असलेली प्रतिस्पर्धी परतीचा चेंडू मध्येच अडवायला टपलेली असते. तिच्या आवाक्याबाहेर, खाली आणि जोरात मारलेला परतीचा फटका हे दुहेरीतले सर्वांत अवघड काम, आणि सानियांचा फोरहँड नेमका त्याच कामाचा होता. त्या उजव्या बाजूला, म्हणजे ड्यूस कोर्टात उभ्या राहत; त्यामुळे बरेचसे चेंडू त्यांच्या फोरहँडवरच येत. एकेरीत पळून पळून मनगट आणि गुडघे झिजले असते. दुहेरीत तोच फटका आणखी दहा वर्षे टिकला.

मिश्र दुहेरीत महेश भूपती यांच्यासह २००९ चे ऑस्ट्रेलियन आणि २०१२ चे फ्रेंच ओपन, ब्रुनो सोआरेससह २०१४ चे अमेरिकन ओपन अशी तीन विजेतेपदे आली. महिला दुहेरीचा कळस मात्र स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगीससोबत गाठला गेला. मार्च २०१५ मध्ये ही जोडी जमली आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन या पहिल्या तिन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीत जगात पहिल्या झाल्या.

त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना नोंदीत नुसता आकडा म्हणून ठेवण्यासारखा नाही. समोर एकातेरिना माकारोवा आणि एलेना व्हेस्निना. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकमध्ये (६–६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) जिंकला. तिसऱ्यात २–५ अशी पिछाडी; बहुतेकांनी तेव्हा आशा सोडली असेल. तिथून ५–५ झाले. अंधारू लागले म्हणून खेळ थांबवून सेंटर कोर्टचे छप्पर ओढले, दिवे लावले. परत आल्यावर दोन्ही गेम सानिया–हिंगीस यांनी घेतले : ५–७, ७–६, ७–५. पुढे २०१५ चे अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपनही त्यांचेच. ऑगस्ट २०१५ नंतर सलग ४१ सामने ही जोडी हरली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहा येथे ही मालिका तुटली.

आशियाई स्पर्धांत २००६ (लिअँडर पेससह) आणि २०१४ (साकेत मायनेनीसह) मिश्र दुहेरीची सुवर्णपदके. ऑलिंपिक पदक मात्र हुकले : रिओ २०१६ मध्ये रोहन बोपण्णा यांच्यासह चौथे स्थान. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री (२००६), खेलरत्न (२०१५) आणि पद्मभूषण (२०१६) हे प्रमुख सन्मान.

या कारकिर्दीचा मराठवाड्याशी सर्वांत जवळचा धागा बार्शीचा. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी बालाघाटाच्या पायथ्याची ही बाजारपेठ धाराशिवच्या वेशीवरच आहे. तिथल्या प्रार्थना ठोंबरे हैदराबादेतील सानिया यांच्या अकादमीत घडल्या. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत या दोघींनी महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकमध्येही त्या एकत्र उतरल्या. पहिल्याच फेरीत हरल्या खऱ्या, पण बार्शीची मुलगी जगातल्या अव्वल खेळाडूची जोडीदार म्हणून ऑलिंपिकच्या कोर्टावर उभी राहिली, हे या भागात सांगत राहावे असे आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये परतल्या त्या थेट होबार्टची दुहेरी (नादिया किचेनोकसह) जिंकूनच. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बोपण्णांसह मिश्र दुहेरीचे उपविजेतेपद हा शेवटचा ग्रँड स्लॅम सामना. दुबईत मॅडिसन कीजच्या साथीने खेळलेला अखेरचा सामना हरल्या. ५ मार्च २०२३ रोजी हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमच्या परिसरात निरोपाचा प्रदर्शनीय सामना झाला. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ही जागा फतेह मैदान म्हणून माहीत आहे.